कॅलेंडुला म्हणजे झेंडू नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्याच्या पुरवणीतला कॅलेंडुलाच्या तेलावरचा लेख वाचला. कृती नीट दिली होती, भाषाही सोपी होती. पण त्यात तीन ठिकाणी ‘कॅलेंडुला म्हणजेच झेंडू’ असं छापलं आहे आणि सोबतचं छायाचित्र तर सरळसरळ झेंडूचंच आहे. त्याच दिवशी संध्याकाळी शेजारची मुलगी ओंजळभर झेंडूची फुलं घेऊन माझ्या दारात उभी. तिच्या सात महिन्यांच्या बाळाला मांड्यांच्या सांध्यात लाली आली होती आणि लेख वाचून ती तेल करायला बसणार होती. तिला मी थांबवलं. ज्यांच्या शेजारी थांबवणारं कोणी नव्हतं, त्यांच्यासाठी हे पत्र लिहिते आहे. जरा लांबलं तर सांभाळून घ्या, पण अर्धवट छापू नका ही विनंती.

माझ्याबद्दल एवढंच सांगते, की एकतीस वर्षं मी रुग्णालयात परिचारिका होते आणि त्यातली बरीचशी ड्रेसिंगच्या खोलीत गेली. कॅलेंडुला मी अकरा वर्षांपासून दरवर्षी बी टोचून वाढवते आहे. या झाडावर माझा जीव आहे, म्हणूनच त्याच्या नावावर दुसरंच फूल खपलेलं बघवत नाही.

गोंधळ कुठून आला ते समजण्यासारखं आहे. इंग्रजीत दोघांनाही ‘मेरीगोल्ड’ म्हणतात. युरोपात हे नाव आधी कॅलेंडुलाचं होतं. झेंडू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. स्पॅनिश लोक तिकडे पोहोचल्यानंतर, सोळाव्या शतकात तो युरोपात आला आणि रंग तसाच पिवळा-केशरी म्हणून जुनं नाव त्यालाही चिकटलं. कॅलेंडुलाला मग ‘पॉट मेरीगोल्ड’ म्हणू लागले. यातलं ‘पॉट’ म्हणजे चुलीवरचं भांडं, कारण त्याच्या पाकळ्या तिकडे रश्श्यात आणि सूपात पडायच्या. मराठीत मी त्याचं ‘कुंडीतला झेंडू’ असं भाषांतर वाचलं आहे. भांड्याची झाली कुंडी आणि कॅलेंडुलाचा झाला झेंडू.

शास्त्रीय नावं पाहिली की भांडण मिटतं. झेंडू तो टॅजेटिस. तेलाचं आणि मलमाचं फूल ते कॅलेंडुला ऑफिसिनॅलिस; हे नाव लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं १७५३ साली नोंदवलं. दोघंही सूर्यफुलाच्या कुळातले, नातं तेवढंच. ‘ऑफिसिनॅलिस’ हा शब्द मला फार आवडतो. जुन्या मठांमध्ये औषधं बनवायची आणि साठवायची जी खोली असे तिला ‘ऑफिसिना’ म्हणत. ज्या वनस्पतीच्या नावामागे हे विशेषण लागलं, ती त्या खोलीत ठेवलेली असायची असा त्याचा अर्थ. आणि ‘कॅलेंडुला’ आलं ते रोमन लोक महिन्याच्या पहिल्या दिवसाला ‘कॅलेंडे’ म्हणत त्यावरून. हवा मानवली तर हे झाड महिनोन्‌महिने फुलत राहतं.

आता, नावात चूक झाली तर बिघडलं काय, असं कोणी म्हणेल. बिघडतं ते कातडीवर. झेंडूमध्ये अल्फा-टर्थायनिल नावाचं द्रव्य असतं. झाडाच्या दृष्टीनं ते फार कामाचं, कारण त्याच्या जोरावर झेंडूची मुळं जमिनीतल्या सूत्रकृमींना, म्हणजे मुळांना लागणाऱ्या बारीक जंतांना, दूर ठेवतात. पण उन्हातले अतिनील किरण पडले की हेच द्रव्य पेशींना इजा करू शकतं. युरोपीय संघानं २०१८ साली सौंदर्यप्रसाधनांत मोठ्या फुलाच्या झेंडूचा, म्हणजे टॅजेटिस इरेक्टाचा, अर्क आणि तेल वापरायला बंदी घातली. पॅटुला आणि मिनुटा या दोन जातींना परवानगी ठेवली ती अंगावर लावून ठेवायच्या क्रीममध्ये ०.०१ टक्क्यापर्यंत, आणि उन्हापासून बचावाच्या क्रीममध्ये तीही नाही. घरच्या बरणीत काय किती उतरलं हे कोण मोजणार? झेंडूबद्दल माझी तक्रार मुळीच नाही. डोळ्यांसाठी ज्या ल्युटीनच्या गोळ्या मिळतात, त्यांतलं ल्युटीन मुख्यतः झेंडूच्याच पाकळ्यांतून काढतात. त्याचं काम वेगळं, एवढंच.

मग ओळखायचं कसं? फुलावरून ओळखायला जाल तर फसाल, कारण भरगच्च पाकळ्यांचा केशरी कॅलेंडुला लांबून झेंडूसारखाच दिसतो. पान पाहा. झेंडूचं पान पिसासारखं चिरलेलं, कडेला दाते असलेलं. कॅलेंडुलाचं पान सलग, जिभेसारखं लांबट, अंगावर बारीक लव, आणि हात फिरवला की बोटांना चिकट लागणारं. फूल उलटं करून पाहा. झेंडूच्या फुलाखाली हिरवा पेला असतो, अखंड. कॅलेंडुलाखाली बारीक टोकदार हिरवी पानं वेगवेगळी, ओळीनं बसलेली. वासही सांगतो: झेंडूचा उग्र दर्प लांबूनच येतो, कॅलेंडुलाचा राळेसारखा आणि फूल चुरडल्यावरच.

पण सगळ्यांत पक्की खूण म्हणजे बी. तिथं चूक होऊच शकत नाही.

हे लिहिताना समोर बशीत या हंगामाचं बी वाळत ठेवलं आहे. झेंडूचं बी म्हणजे सरळ काळी काडी, टोकाला फिकट झुपका. हे तसं नाही. हे मातकट, बदामी रंगाचं, वाकडंतिकडं, आणि गंमत म्हणजे एकाच फुलाच्या गेंदात दोन-तीन तऱ्हांचं. बाहेरच्या फेरीतली बी लांब, विळ्यासारखी वाकलेली, पाठीवर काटे. मधली होडीच्या आकाराची, दोन्ही कडांना पातळ पंख. अगदी आतली लहान, गोल वळून जवळजवळ कडं झालेली. काटेरी बी जनावराच्या केसांना अडकून जाते, पंखवाली वाऱ्यानं सरकते, आतली कडी आईच्या पायाशीच पडतात. एकाच झाडानं आपल्या लेकरांची तीन तऱ्हांनी सोय लावली आहे. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं की बी किडलं. निम्मं मी फेकून दिलं. ते सगळं चांगलं होतं. जर्मन भाषेत या फुलाला ‘रिंगेलब्लूमे’, म्हणजे कड्यांचं फूल म्हणतात, ते या बियांच्याच आकारावरून. बाराव्या शतकात जर्मनीतल्या हिल्डेगार्ड या मठाधिपती बाईंनी आपल्या औषधींत ‘रिंगुला’ नोंदवलं आहे, ते हेच. ज्यांनी हे रोज हाताळलं त्यांनी नाव फुलावरून न ठेवता बियांवरून ठेवलं.

आणखी एक गोष्ट जवळून बघण्यासारखी. सूर्यफुलात बिया मधल्या चकतीत भरतात, कडेच्या पिवळ्या पाकळ्या वांझ. कॅलेंडुलात बरोबर उलट. कडेची प्रत्येक पाकळी म्हणजे एक मादी फूल आणि बी धरते तीच. मधली चकती फक्त परागकण पुरवते, तिला बी धरत नाही. म्हणून पाकळ्या झडल्यावर मध्यभागी वाळका बुंधा आणि त्याभोवती बियांची माळ असं रूप दिसतं. भिंग असेल तर एक पाकळी उपटून तिचं टोक पाहा. तिथं तीन बारीक दात दिसतील. ही खूण पुढे कामाला येते, सांगते.

आता लावण्याचं. माझी पहिली लावणी फुकट गेली, तिचं कारण आधी सांगते. हौसेनं मी भर उन्हाळ्यात तीस बिया टोचल्या. चार उगवल्या, त्याही लांबट, पिवळ्या होऊन आडव्या झाल्या. दोष बियांचा नव्हता. हे झाड भूमध्य समुद्राच्या बाजूचं, त्याला गारवा लागतो. माती १५ ते २० अंश सेल्सियसच्या आसपास असेल तर बी छान रुजतं. उकाडा वाढला की ते दडून बसतं. जिथं उन्हाळा कडक, तिथं पाऊस सरून थंडीची चाहूल लागली की टोचावं. जिथं हिवाळ्यात बर्फ पडतं, तिथं बर्फ सरता सरता वसंतात. हलकं दहिवर पडलं तर उगवलेली रोपं सोसतात, मात्र रखरखीत ऊन त्यांना सोसत नाही.

बी एक सेंटीमीटर खोल टोचायचं आणि मातीनं पूर्ण झाकायचं. याला रुजायला अंधार मानवतो, म्हणून वर नुसतं भुरभुरून चालत नाही. वाकडी बी कशी आडवी-उभी बसवायची याचा विचार करू नये, कोंब आपली वाट काढतो. भिजवायची गरज मला कधी पडली नाही. झारीनं पाणी घालून माती ओलसर ठेवली, चिखल होऊ दिला नाही, की सहा दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कोंब येतात. पहिली दोन पानं साधी, लांबुळकी आणि जाडसर असतात. त्यांच्या मागून येणारं पान हातात धरलं की लव जाणवते. तिथंच कळतं की पाकिटात काय होतं. माझ्या तिसऱ्या वर्षी पाकिटावर कॅलेंडुलाचं चित्र होतं आणि आतून झेंडूच्या काळ्या काड्या निघाल्या. बी ओळखता येत होतं म्हणून त्याच मिनिटाला कळलं, नाहीतर दोन महिने पाणी घालून, फुलं तेलात बुडवून बसले असते. म्हणूनच मी आग्रहानं म्हणते, तेल करायचंच असेल तर बियांपासून सुरुवात करा. वाळकी फुलं विकत घेतलीत तर पान दिसत नाही, बी दिसत नाही, समोरची पाकळी कुणाची हे सांगणं कठीण.

जागेवरच पेरलेलं बरं, कारण मूळ खाली जातं. पण ट्रेमध्ये रोपं केली आणि चार खरी पानं आल्यावर मुळाची माती न सांडता हलवली तर तीही धरतात. दोन रोपांत २५ ते ३० सेंटीमीटर अंतर हवं. हे अंतर देताना जीव वर-खाली होतो, जास्तीची रोपं उपटवत नाहीत. पण दाटी झाली की वारा खेळत नाही आणि पानांवर भुरी चढते, पीठ भुरभुरल्यासारखी. कुंडी वीतभर तरी खोल, खाली भोकं मोकळी. खत जपून. मी एका वर्षी शेणखताचा मारा केला, तर झाडं गुडघ्याएवढी, पानं हिरवीगार, आणि फूल औषधाला नाही. रोप वीतभर झालं की शेंडा खुडावा, म्हणजे बाजूनं फांद्या फुटतात. पाणी बुडाशी घालावं, पानांवर नको. कोवळ्या देठांवर मावा येतोच. मी रोज सकाळी बोटानं पुसून काढते, जास्त झाला तर पाण्याची धार मारते. फुलं तोंडात किंवा कातडीवर जायची आहेत, म्हणून कीटकनाशकाचं नावही काढू नये.

पेरल्यापासून साधारण दोन महिन्यांत पहिलं फूल. पुढचं सगळं खुडण्यावर आहे. फुलं तोडत राहाल तितकी येत राहतात; झाडावर बी धरू दिलं की झाड काम झालं असं समजून थांबतं. म्हणून चांगली दोन-तीन झाडं बियांसाठी राखायची आणि बाकीच्यांची फुलं दर दोन-तीन दिवसांनी काढायची.

काढायची वेळ सकाळची, दव उडून गेल्यावर. हे फूल रात्री आणि ढगाळ हवेत मिटतं, त्यामुळे पूर्ण उमललेलं असेल तेव्हाच घ्यायचं. वीस-पंचवीस फुलं तोडली की बोटं चिकट होतात. ती राळ साबणानं पटकन जात नाही, तेल लावून पुसावी लागते. नवख्या माणसाला त्याची किळस येते, पण फुलाची खरी ताकद त्या चिकटपणात आहे. ती राळ पाकळीपेक्षा फुलाच्या हिरव्या बुडात जास्त असते, म्हणून तेलासाठी मी नुसत्या पाकळ्या न घेता अख्खं फूल वाळवते. पाकळ्या तेवढ्या वेगळ्या काढायच्या त्या खाण्यासाठी.

आणि इथंच माझी सर्वांत मोठी चूक झाली होती. पाकळ्या कागदासारख्या कुरकुरीत झाल्या म्हणून फूल वाळलं असं मी धरलं आणि बरणी भरली. बारा दिवसांनी तेलावर राखाडी बुरशीचा थर. फुलाचं हिरवं बूड आतून ओलं राहिलं होतं. तेव्हापासून एक नियम पाळते: बूड दोन बोटांत धरून मोडायचं. कट्‌ असा आवाज येऊन तुटलं तर वाळलं, वाकलं तर अजून दोन दिवस. वाळवणं सावलीत, जाळीवर, एकेरी थर, फुलं तोंडं खाली करून. उन्हात रंग उडतो. दमट हवेत आठवडा पुरत नाही, धीर धरावा लागतो. आपल्या लेखात ‘ताजी फुलं तेलात टाका’ असं होतं, त्यानं तर तेल हमखास बिघडेल. ताज्या फुलातलं पाणी तेलाखाली कोंडलं जातं आणि हवा नसलेल्या त्या जागी काय वाढेल ते डोळ्यांना दिसतही नाही. ड्रेसिंगच्या खोलीत काम केलेल्या माणसाला यावर गप्प बसता येत नाही.

तेलाची कृती तशी साधी आहे. कोरडी ठणठणीत बरणी, त्यात पाऊण भागापर्यंत वाळलेली फुलं, वरून फुलं बुडतील इतकं कुठलंही चांगलं खाद्यतेल. सूर्यफुलाचं, तिळाचं, ऑलिव्हचं, कोणतंही चालेल. एकही फूल तेलाबाहेर डोकावता कामा नये. उबदार, अंधाऱ्या जागी चार ते सहा आठवडे ठेवायची, अधूनमधून हलवायची. मग मलमलीच्या फडक्यातून गाळून पिळायचं. मलम हवं तर १०० मिलिलिटर तेलाला १५ ते २० ग्रॅम मधमाशांचं मेण, पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात मंद आचेवर विरघळवायचं. थंड चमच्यावर थेंब टाकून बघायचं: घट्ट वाटला तर तेल, पातळ वाटला तर मेण. डबीवर तारीख लिहायला विसरू नये. खवट वास आला की टाकून द्यायचं, हळहळायचं नाही.

जुने उपयोग मात्र औषधाहून पुष्कळ मोठे आहेत आणि आपल्या लेखात त्यांचा उल्लेखही नव्हता. १५९७ साली लंडनला छापलेल्या एका वनस्पतिग्रंथात अशी नोंद आहे की डच मुलखात हिवाळ्यासाठी या पाकळ्या वाळवून इतक्या साठवत, की काही मसालेवाल्यांकडे त्यांची पिंपं भरलेली असत, आणि त्या पाकळ्यांवाचून रस्सा चांगला झाला असं कोणी मानत नसे. लोणी आणि चीज यांना पिवळा रंग यायला तिकडे हीच फुलं वापरत. लोकर आणि सूत तुरटीत भिजवून घेतलं तर या फुलांनी पिवळं रंगतं. गरिबांचं केशर म्हणून त्याला नाव मिळालं, आणि मग केशरात भेसळ करायलाही तेच वापरलं गेलं. मघाशी म्हटलं ती पाकळीची खूण इथं उपयोगी पडते. संशय असेल तर काडी कोमट पाण्यात टाकावी. केशराची काडी टोकाकडे तुतारीसारखी उघडते. कॅलेंडुलाची पाकळी भिजली की सपाट पट्टीसारखी पसरते आणि टोकाशी ते तीन दात दिसतात. कॅलेंडुलाच्या बियांमध्येही तेल असतं, त्यात कॅलेंडिक आम्ल भरपूर. ते हवेत लवकर सुकतं म्हणून रंग-रोगणाच्या कामासाठी अभ्यासलं गेलं आहे. एवढ्याशा वाकड्या बीमध्ये हे सगळं.

औषध म्हणून काय खरं? यावर मोजून बोलायला हवं, आणि आपल्या लेखात ‘सर्व जखमांवर रामबाण’ असं जे छापलं, ते मागे घ्यायला हवं. युरोपियन मेडिसिन्स एजन्सी या युरोपीय संघाच्या औषध-संस्थेनं कॅलेंडुलाच्या फुलाला मान्यता दिली आहे ती दीर्घ परंपरेच्या आधारावर, आणि तीही मर्यादित: कातडीची किरकोळ जळजळ, उदाहरणार्थ उन्हानं पोळणं, लहानसहान जखमा भरायला मदत, आणि तोंडातल्या-घशातल्या किरकोळ दाहासाठी चूळ भरणं. त्या चुळीसाठी एक ते दोन ग्रॅम वाळकी फुलं १५० मिलिलिटर उकळत्या पाण्यात टाकून, झाकून ठेवून, गाळून घेतात. फ्रान्समध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या २५४ स्त्रियांवर झालेली चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली. कॅलेंडुलाचं मलम लावलेल्यांत त्वचेचा मध्यम ते तीव्र दाह ४१ टक्क्यांना झाला, नेहमीचं दुसरं औषध लावलेल्यांत ६३ टक्क्यांना. ही बातमी वाचली तेव्हा मी नोकरीत होते आणि मला फार आनंद झाला होता. पण २०१३ साली स्वीडनमधून चारशेहून अधिक स्त्रियांवरचा अभ्यास आला आणि त्यात साध्या क्रीमच्या तुलनेत फरक दिसला नाही. दोन्ही गोष्टी लोकांना सांगायला हव्यात. एकच सांगितली तर ती जाहिरात होते.

माझा स्वतःचा वापर असा: मातीत काम करून फुटलेली बोटं, भेगाळलेल्या टाचा, भांड्याच्या वाफेनं हलकी भाजलेली आणि थंड पाण्याखाली धरून निवालेली कातडी, कोरड्या हवेत सोलवटलेलं नाक. इथं हे मलम मला भरवशाचं वाटतं. खोल जखम, पू झालेली जखम, फोड आलेलं भाजणं, मधुमेह असलेल्याच्या पायाची साधी दिसणारी जखमसुद्धा, यांवर हे लावून वाट बघत बसणं म्हणजे मौल्यवान दिवस घालवणं. मधुमेहाच्या पायाला घरचा लेप लावून पंधरा दिवसांनी आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या पट्ट्या मी सोडल्या आहेत. शेवंती, डेझी, सूर्यफूल या कुळाची ॲलर्जी असेल त्यांनी या फुलापासूनही लांब राहावं. बाकीच्यांनी आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबावं. गरोदरपणात पोटात घेऊ नये.

आणि बाळाबद्दल. त्याच युरोपीय औषध-संस्थेनं म्हटलं आहे की सहा वर्षांखालच्या मुलांच्या कातडीवर याचा वापर करू नये, कारण पुरेशी माहिती नाही. म्हणून शेजारच्या मुलीला मी झेंडू बाजूला ठेवायला सांगितलं आणि माझ्या कपाटातली खऱ्या कॅलेंडुलाची डबीही दिली नाही. लंगोट थोडा वेळ काढून ठेव, कोमट पाण्यानं धुऊन टिपून घे, पुसू नको, आणि उद्या डॉक्टरांना दाखव, एवढंच सांगितलं. डॉक्टरांनी ती बुरशीची लाली असल्याचं निदान केलं आणि त्यावरचं मलम दिलं. आता बाळ ठीक आहे. झेंडूचं तेल चार-सहा आठवड्यांनी तयार झालं असतं, पण गरम तेलात फुलं शिजवून लगेच लावायची झटपट कृतीही त्याच लेखात चौकटीत होती.

तेव्हा माझी मागणी अशी. ज्या जागी आणि जेवढ्या आकारात तो लेख आला, तेवढ्याच आकारात दुरुस्ती छापा. आतल्या पानाच्या तळाशी दोन ओळी नकोत. ‘कॅलेंडुला म्हणजे झेंडू’ हे वाक्य मागे घ्या. ताज्या फुलांची कृती मागे घ्या. आणि यापुढे कोणत्याही वनौषधीवर लेख येईल तेव्हा शास्त्रीय नाव देवनागरीत छापा आणि फुलासोबत पानाचं आणि बियांचं छायाचित्र द्या. फुलाचं छायाचित्र देखणं असतं हे मान्य, पण ओळख त्यानं पटत नाही.

छायाचित्रासाठी अडचण असेल तर माझ्याकडून घ्या. बशीत तिन्ही तऱ्हांचं बी वेगळं मांडून ठेवलं आहे आणि शेजारी ताडून बघायला झेंडूच्या चार काळ्या काड्याही ठेवल्या आहेत. गेल्या हंगामाच्या बियांतल्या बारा बिया शेजारची मुलगी घेऊन गेली आणि खिडकीतल्या कुंडीत टोचल्या. आज सहावा दिवस. सकाळी ती सांगत आली, दोन ठिकाणी माती वर उचलली गेली आहे, आत काहीतरी वाकलेलं दिसतंय. हात लावू नको म्हटलंय तिला.

आपली,
एक निवृत्त परिचारिका आणि नियमित वाचक